‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ : आमच्या गटात घडलेलं एक प्रकरण

हे लिहिण्याआधी त्या ताईंची परवानगी घेतली आहे आणि लिहून झाल्यावर त्यांना पूर्ण वाचून दाखवलं आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्यात. मी त्यांना ताईच म्हणते आणि त्यांच्या मिस्टरांना भाऊजी, म्हणून इथेही तसंच लिहिते. गट चालवणाऱ्या, घरभेटी करणाऱ्या कोणालाही हे उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं, कारण आमची जी चूक झाली ती वाईट हेतूने झालेली नव्हती, बायबलचं वचन हातात धरूनच झाली.

पार्श्वभूमी

आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) दर शुक्रवारी संध्याकाळी घरगुती बायबल अभ्यास असतो, तो मी चालवते. पाच कुटुंबं, मिळून १४ जण. क्रम ठरलेला, आधी गाणं, मग उपकारस्तुतीची फेरी, मग वचन, शेवटी प्रार्थना. फेरीत प्रत्येकाने त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची ज्याबद्दल देवाचे उपकार मानावेसे वाटतात, आणि ती मी एका वहीत तारीख टाकून लिहून ठेवायचे. ही पद्धत मीच सुरू केली होती. स्तोत्र १०३ मधलं ‘त्याचे सर्व उपकार विसरू नकोस’ हे वचन तेव्हा मनात होतं, माणूस विसरतो म्हणून लिहून ठेवायचं इतका साधा विचार. आणि ती फेरी खरंच छान चालायची, मुलंसुद्धा बोलायची, परीक्षा झाली, आजी बरी झाली, असं काय काय.

ताई आणि भाऊजी गटात पहिल्यापासून. भाऊजींना अचानक पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, म्हणजे समजायचं सगळं पण शब्द सापडायचे नाहीत. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, व्यायाम करून घ्यायचा, हे सगळं ताईंवर. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, भेटायला गेलो, आणि मग जसं होतं तसं प्रत्येकजण आपापल्या कामाला लागला. ताई मात्र शेजारणीला तासभर बसवून शुक्रवारी यायच्या. मला तेव्हा ते फार कौतुकाचं वाटायचं, की बघा एवढ्या संकटातही येतात.

अडचण

सहाव्या शुक्रवारी फेरी ताईंपर्यंत आली आणि त्या गप्प बसल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, ‘आज माझ्याकडे काही नाही.’

मी प्रेमाने म्हणाले, अगदी प्रेमाने, ‘ताई, वचन म्हणतं ना, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, काहीतरी असेलच बघा.’ आणि एक बंधू लगेच म्हणाले, ‘भाऊजींचा जीव वाचला, तेच केवढं मोठं आहे.’ ताईंनी मान हलवली, ‘हो, जीव वाचला म्हणून प्रभूचे उपकार’ असं म्हणाल्या, सगळ्यांनी आमेन म्हटलं, मी वहीत लिहिलं आणि फेरी पुढे गेली.

पुढच्या शुक्रवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर ‘जरा कामात आहे’, मेसेज केला तर नुसते हात जोडलेले. चार आठवडे असेच गेल्यावर गटात कुजबुज सुरू झाली की ताई विश्वासात मागे पडल्या, देवावर रुसल्या. एक जण तर म्हणाले की संकट आलं की कळतं कोणाचं घर खडकावर आहे आणि कोणाचं वाळूवर. हे ऐकूनही मी काही बोलले नाही, ते मला आजही टोचतं.

त्या दिवसांत एकदा वही उघडून मागची पानं चाळली. ताईंच्या नावापुढे पाच आठवडे एकच वाक्य होतं, ‘मुलं बरी आहेत.’ पाचही वेळा मी माझ्या हाताने ते लिहिलं होतं आणि एकदाही मनात आलं नव्हतं की ज्या बाई आधी पाच मिनिटं बोलायच्या त्या आता तीन शब्दांत का आटपतायत.

कोणते पर्याय समोर होते

एक, काहीच करायचं नाही, नुसती प्रार्थना करायची आणि वाट बघायची. गटातले बहुतेक जण याच बाजूचे होते, ‘देव तिच्याशी बोलेल’ म्हणत होते. दुसरा, पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरांना, पाठवून ताईंना समजावून सांगायचं. तिसरा, ती फेरीच बंद करून टाकायची, म्हणजे कोणाला अवघडल्यासारखं होणार नाही. चौथा, आम्हीच जायचं पण शिकवायला नाही, ऐकायला.

खरं सांगायचं तर माझा कल दुसऱ्याकडे होता. इतकंच नाही तर मी उपकारस्तुतीवर एक अभ्यास तयार करायला घेतला होता, ताई परत आल्या की त्यांच्या कानावर पडावा म्हणून. त्यासाठी, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन ज्यात आहे ते पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र पहिल्या अध्यायापासून वाचायला बसले, आणि तिथे सगळं उलटंपालटं झालं.

पहिली गोष्ट, ज्यांना हे लिहिलंय ते सुखात नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात आहे की थेस्सलनीकात दंगा झाला, यासोनाला ओढून अधिकाऱ्यांपुढे नेलं, पौल आणि त्याचा सोबती सीला यांना रातोरात शहर सोडावं लागलं. पत्र साधारण इ.स. ५० च्या आसपासचं, म्हणजे मंडळी अगदी नवी, छळ सोसणारी, आणि चौथ्या अध्यायावरून दिसतं की त्यांच्यातली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेले शोक करत होते. पौल त्यांना शोक करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. आणि तिसऱ्या अध्यायात बघा, या लोकांचं दुःख ऐकून राहवेना तेव्हा त्याने आधी काय केलं, तर आपला सहकारी तीमथ्य याला पाठवलं, त्यांना धीर द्यायला. तीमथ्य जाऊन, त्यांना भेटून, परत येऊन सांगतो आणि मग हे पत्र. आधी माणूस गेला, वचन नंतर गेलं. मी नेमकं उलट केलं होतं.

दुसरी गोष्ट, पाचव्या अध्यायाचं १८ वं वचन मला तोंडपाठ होतं पण १४ वं नव्हतं. त्यात अल्पधीराच्या लोकांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेने वागा असं आहे. चारच वचनं आधी. म्हणजे जो पौल उपकारस्तुती करा म्हणतो तो त्याच दमात सांगतो की तुमच्यात अशक्त असणारच आहेत, त्यांना धरून ठेवा. आम्ही १८ वं ताईंना ऐकवलं आणि १४ वं आमच्यासाठी होतं ते वाचलंच नाही.

आणि तिसरी गोष्ट भाषेची. मराठीत ‘करा’ म्हटलं की ते एका माणसाला आदराने म्हटलेलंही असतं आणि अनेकांना म्हटलेलंही असतं. मी ते नेहमी एकेकट्या माणसाला सांगितल्यासारखं ऐकत आले होते, ‘ताई, तुम्ही करा.’ पण मूळ ग्रीकमध्ये ते क्रियापद अनेकवचनी आहे, अख्ख्या मंडळीला सांगितलेलं. मग जर सगळ्यांनी मिळून करायचं असेल तर एखाद्या शुक्रवारी एकीला जमलं नाही तर तिच्या वाटणीचं बाकीच्या तेरा जणांनी करायला काय हरकत होती? लेवीय या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात तर उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही असा नियम आहे. एकट्या माणसाला ते कसं संपणार, चार लोक बोलवावेच लागणार. उपकारस्तुती ही एकट्याने निभावायची परीक्षा कधी नव्हतीच.

तयार केलेला अभ्यास मी बाजूला ठेवला.

आम्ही काय केलं

पाळकबाई आणि मी गेलो. आधी ठरवलं होतं की बायबल पिशवीत राहील आणि आपण उपदेश करायचा नाही. मी दारातच माफी मागितली, म्हणजे काय बोलले होते ते शब्द परत उच्चारून, नुसतं ‘काही चुकलं असेल तर’ असं नाही. ताई रडल्या नाहीत, उलट आधी चिडल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही लोकांनी माझ्या तोंडून आमेन काढून घेतलं आणि घरी पाठवलं.’ मग हळूहळू बोलल्या. सलग झोप नाही, भाऊजी हताश होऊन डाव्या हाताने ताट ढकलून देतात, त्यांच्यावर ओरडतात त्या आणि मग रात्रभर स्वतःला दोष देत बसतात. आणि म्हणाल्या की प्रार्थना करायची भीती वाटते, तोंड उघडलं तर देवाला काय बोलेन सांगता येत नाही.

मग त्यांनीच विचारलं, ‘असं देवाला बोललेलं चालतं का?’

तेव्हा पाळकबाईंनी बायबल काढलं आणि स्तोत्र १३ वाचलं. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांतच ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा आहे. तू कोठवर मला विसरणार, कोठवर माझ्यापासून तोंड लपवणार. चौथं वचन संपलं आणि पाळकबाईंनी पुस्तक मिटलं. पाचव्यात भरवसा येतो, सहाव्यात गाणं येतं, ते वाचलंच नाही. मला तिथे बसल्या बसल्या फार अस्वस्थ वाटलं, स्तोत्र अर्धं सोडलं म्हणून. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, ‘पुढची दोन वचनं तिची आहेत, ती वाचेल तेव्हा वाचेल, आपण तिच्या आधी पोचायचं नाही.’ माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता आणि तो माझा नव्हता.

मग प्रॅक्टिकल मदत. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात आहेच, उघड्या आणि उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, त्याचा काय उपयोग. आम्ही टाईमटेबल केलं, मंगळवारी आणि शनिवारी दोघं दोघं जाणार. पण पहिले दोन आठवडे आम्ही घोळ घातला. जायचो, ताईंजवळ बसायचो, प्रार्थना, गाणी, विचारपूस, आणि त्या बिचाऱ्या आमचं आदरातिथ्य करायच्या, म्हणजे विसावा द्यायला गेलो आणि कामच वाढवलं. ताईंच्या मुलीने फोन करून सांगितलं तेव्हा कळलं. मग बदललं, येणाऱ्यांनी भाऊजींजवळ बसायचं, कूस बदलायला शिकून घ्यायचं आणि ताईंनी झोपायचं किंवा बाहेर जायचं, कोणाशी बोलायची सक्ती नाही.

तिसरं, शुक्रवारची फेरी. ती बंद करावी असं मला आता वाटत नव्हतं, कारण उपकार आठवणं हे खरंच विश्वासाचं मोठं अंग आहे, लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि परत आला एकच, तेव्हा येशूने बाकीचे नऊ कुठे आहेत म्हणून विचारलंच. पण तो प्रश्न त्याने बरे झालेल्यांबद्दल विचारला, अजून दुखणाऱ्यांना नाही. म्हणून क्रम बदलला. आधी ‘कोठवर’, ज्याला वाटेल त्याने एका वाक्यात आपलं गाऱ्हाणं देवाला सांगायचं, त्यावर कोणी सल्ला द्यायचा नाही. मग दोन मिनिटं शांतता. मग ज्यांच्याकडे आहे त्यांनी उपकारस्तुती करायची, ज्यांच्याकडे नाही त्यांनी ‘आज माझ्या वतीने कोणीतरी करा’ म्हटलं तरी चालेल. आणि शेवटी स्तोत्र १३६, एकाने ओळ वाचायची आणि सगळ्यांनी म्हणायचं ‘त्याची दया सनातन आहे’, २६ वेळा.

गटात झालेला विरोध

हे सगळ्यांना पटलं नाही आणि विरोध करणारे काही चुकीची माणसं नव्हती, त्यांचे प्रश्न बायबलमधूनच होते. एका बंधूंनी फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘कुरकुर न करता’ काढलं आणि रानातल्या इस्राएलांची आठवण करून दिली. दुसऱ्यांनी इफिसकरांस पत्रातलं ५:२० काढलं, तिथे तर ‘सर्व गोष्टींबद्दल’ उपकारस्तुती करा असं आहे, नुसतं ‘स्थितीत’ नाही. आणि पौल आणि सीला मार खाऊन तुरुंगात गात होते ना, हेही आलं.

त्यावर दोन शुक्रवार बोलणं झालं. कुरकुरीबद्दल आमच्या ध्यानात हे आलं की बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इस्राएल लोक आपापल्या तंबूत बसून कुरकुर करतात, देवाबद्दल, देवाच्या पाठीमागे. स्तोत्रकर्ता तेच दुःख घेऊन देवासमोर जातो. शब्द तितकेच कडक असतील, पण तोंड कुणीकडे आहे याने फरक पडतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. पौल आणि सीलाच्या त्या फिलिप्पैच्या तुरुंगाबद्दल एक तरुण मुलगी म्हणाली की ते दोघं होते, एकमेकांसोबत, आणि बाहेर उभं राहून त्यांना ‘गा’ असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने विश्वास ठेवल्यावर त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या. मला हे कधी सुचलं नसतं.

इफिसचं वचन मात्र सोपं नाही आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. तिथे ‘बद्दल’ आहे. पण जो पौल ते लिहितो त्यानेच आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली होती, आणि स्वतः येशूने ज्या रात्री भाकर हातात घेऊन उपकारस्तुती केली त्याच रात्री थोड्या वेळाने ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ म्हणून प्रार्थना केली. एकाच रात्रीत दोन्ही. त्या भाकरीचा अर्थ मोडलेलं शरीर आहे हे माहीत असून त्याने आभार मानले, आणि तरी रडला, घाम गाळला, मित्रांना जागे राहा म्हणाला. मला वाटतं भाऊजींच्या पक्षाघाताबद्दल आभार मानायचे की नाही हे ताई आणि देव यांच्यातलं आहे, आणि ते वचन त्यांच्यासाठी उच्चारायचा हक्क मला नाही. सगळ्यांचं समाधान झालं नाही. एक कुटुंब दुसऱ्या गटात गेलं, भांडण न करता, पण गेलं.

निष्पत्ती

साधारण तीन महिन्यांनी ताई परत गटात आल्या, म्हणजे खरं तर गट त्यांच्याकडे गेला. शनिवारी बसायला जाणाऱ्या बंधूंनीच सुचवलं की शुक्रवारची मिटिंगच तिथे घेऊ, भाऊजींना उठून यावं लागणार नाही. त्या दिवशी ताईंनी ‘कोठवर’मध्ये एक वाक्य सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. उपकारस्तुतीच्या वेळी गप्प राहिल्या आणि कोणी वळून बघितलं नाही.

मग स्तोत्र १३६ सुरू झालं. भाऊजी खुर्चीत होते. सातव्या-आठव्या ओळीला एक जड, अडखळता आवाज आमच्यात मिसळला आणि कळलं की ते म्हणतायत, ‘त्याची दया सनातन आहे.’ पाणीसुद्धा मागता न येणारा माणूस चारही शब्द म्हणत होता, ओळीमागून ओळ. वाचणाऱ्या बंधूंचा आवाज थांबला, ताईंनी हाताने खूण केली, वाचत राहा.

त्यानंतर लगेच पुढचा प्रश्न आला. दोघांतिघांना वाटलं की रविवारी उपासनेत ही साक्ष द्यावी, चमत्कार झाला म्हणून. ताईंनी स्पष्ट नाही म्हटलं. स्पीच थेरपिस्टने त्यांना आधीच सांगितलं होतं की अशा आजारात पाठ असलेल्या ओळी, गाणी, मोजणी हे कधी कधी येतं, स्वतःचं वाक्य जुळवता येत नसलं तरी. ताई म्हणाल्या, ‘लहानपणापासून त्यांनी ते पाठ केलं होतं, म्हणून ते आत होतं, हे मला पुरेसं आहे, पण उद्या लोक विचारतील की मग अजून बोलत का नाहीत, तेव्हा उत्तर मला द्यावं लागेल.’ आम्ही साक्ष दिली नाही. पाळकसाहेबांनीही ऐकलं. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. एका माणसाच्या दुखण्यातून मंडळीला उत्साह मिळवून द्यायची घाई आम्ही आधी एकदा केली होतीच.

ताईंची स्वतःची पहिली उपकारस्तुती आली ती आणखी पाच आठवड्यांनी. वहीत जशी आहे तशी देते : ‘शनिवारी मी सलग चार तास झोपले. देवाचे उपकार आणि जे दोघं बसले त्यांचेही.’

परत वेळ आली तर

पहिल्याच आठवड्यात मिटिंग त्यांच्या घरी हलवायला हवी होती. चार मित्रांनी पक्षाघाती माणसाला छप्पर काढून खाली सोडल्याची गोष्ट आम्ही कितीदा शिकवली असेल, आणि घर जवळ असून ही गोष्ट आमच्या डोक्यात यायला साडेपाच महिने लागले.

फेरीत नावाने, क्रमाने विचारणं मी आता कधीच करणार नाही. आणि वही फक्त लिहायची नाही, महिन्यातून एकदा वाचायचीही, कोणाची वाक्यं आखूड होत चालली आहेत ते बघायला.

कुजबुज सुरू झाली तेव्हाच ती थांबवायला हवी होती. ते कुटुंब गट सोडून गेलं त्यांनाही आधी भेटायला हवं होतं, क्रम बदलून मग चर्चा केली हे चुकलं, चर्चा आधी हवी होती.

टाईमटेबलचं तर अजूनही पूर्ण जमलेलं नाहीये. पाचव्या महिन्यात माणसं थकली, दोन शनिवार कोणीच गेलं नाही आणि ताईंनी कळवलंही नाही. आता तीन महिन्यांनी माणसं बदलायची असं ठरवलंय, आणि नवीन येणाऱ्याला जुन्याने दोनदा सोबत नेऊन शिकवायचं.

हे सगळं ताईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, त्या दिवशी दारात त्या ‘चिडल्या’ असं मी आधी लिहिलं नव्हतं, ‘नाराज होत्या’ असं लिहिलं होतं, ते बदलायला लावलं. दुसरी, निष्पत्तीत मी ‘ताई आता सावरल्या आहेत’ असं एक वाक्य टाकलं होतं. ते त्यांनी काढायला सांगितलं. म्हणाल्या, ‘स्तोत्र १३ ची पुढची दोन वचनं मी वाचली आहेत एवढं लिही. रोज नाही वाचत.’